मुंबईचे बंबवाले : अग्निशमन दलाच्या इतिहासाबद्दल लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

बंब हा शब्द नेमका आला कुठून? आमच्या आजीकडे पाणी तापवायचा बंब होता, तोच का हा?

शब्द तोच. पोर्तुगीज लोक पंपाला बोंबा म्हणायचे, त्याचा आपल्याकडे बंब झाला. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवतो ना, मधल्या नळीत कोळसे नाहीतर लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, खाली तोटी आणि सकाळी घरभर तो धुराचा वास. आणि रस्त्यावरून घंटा वाजवत जायचा तोही बंब. एकात आग पोटात ठेवून पाणी तापवायचं, दुसऱ्यात पाणी पोटात ठेवून आग विझवायची. सरकारी नाव अग्निशमन दल आहे, बातमीतही तेच येतं, पण खिडकीतून ओरडताना आजही कोणी "अग्निशमन दल आलं" म्हणत नाही, "बंब आला" असंच म्हणतात.

मुंबई अग्निशमन दल सुरू कधी झालं? कुठे १८५५ वाचलं, कुठे १८८७.

दोन्ही बरोबर आहेत, फक्त अर्थ वेगळा आहे. १८५५ च्या सुमाराला घोड्यांनी ओढायचे बंब आले, पण ते पोलिसांच्या ताब्यात होते आणि काम अर्धवेळ होतं, म्हणजे आग लागली की पोलिसच बंब घेऊन धावायचे. वेगळी नोकरी म्हणून, वेगळी माणसं नेमून उभं राहिलेलं दल हे १ एप्रिल १८८७ पासूनचं धरतात. त्याच्या पाठोपाठ १८८८ चा महापालिका कायदा आला, जो आजही मुंबईला लागू आहे, आणि आगीपासून माणसांचं नि मालमत्तेचं रक्षण करणं हे पालिकेचं काम ठरलं. मला यातलं दुसरं साल जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथपासून रात्रंदिवस फक्त आगीची वाट बघत बसणारी माणसं या शहराला मिळाली.

त्याच्या आधी आग लागली तर लोक काय करायचे?

विहिरी, तलाव, बादल्या, पखालीने पाणी आणणारे भिस्ती. नळाचं पाणीच नव्हतं हो, विहार तलावाचं पाणी शहरात आलं ते १८६० मध्ये, तोवर सगळी मदार विहिरींवर आणि तलावांवर, आणि उन्हाळ्यात त्यांचा तळ दिसायचा.

१७ फेब्रुवारी १८०३ ची फोर्टमधली आग हे यातलं सगळ्यात मोठं प्रकरण. तेव्हाचं शहर म्हणजे तटाच्या आतलं शहर, गल्ल्या अरुंद, घरांना लाकूड भरपूर, एकाची गॅलरी दुसऱ्याच्या गॅलरीला जवळजवळ टेकलेली. तटाच्या आतल्या शहराचा जवळपास तिसरा भाग त्या आगीत गेला. आणि भीती नुसती घरांची नव्हती, किल्ल्यात दारूगोळा होता. आग तिथे पोचू नये म्हणून मधली घरं तोफांनी पाडली. पाण्याने आग विझत नाही म्हटल्यावर तिच्या पुढ्यातलं जळण काढून टाकायचं हा उपाय आजही जंगलाच्या आगीत वापरतात, तिथे त्यासाठी घरं पाडावी लागली.

नंतर तटाबाहेरचं मैदान आणखी मोकळं केलं, लोकांना तटाबाहेर वस्ती करायला लावली, आणि शहर उत्तरेकडे पसरत गेलं. तुम्ही चर्चगेटला उतरून ज्या मैदानांच्या कडेने चालत जाता, ती मैदानं मोकळी राहण्यामागे तटावरच्या तोफांना मारा करायला समोर मोकळी जागा हवी हा हिशोब होता तसा या आगीचाही हात आहे.

मला यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते, आग कुठे लागली यापेक्षा शेजारी काय ठेवलंय याची धास्ती मोठी होती. पुढे हेच परत परत येणार आहे.

घोड्यांच्या बंबाने खरंच आग विझायची का?

विझायची, पण वेळ लागायचा. सुरुवातीचे पंप हाताने दांडा खालीवर करून चालवायचे, दोन्ही बाजूंना माणसं उभी, आणि दहा-पंधरा मिनिटांत हात भरून यायचे म्हणून बदली माणसं तयार ठेवायची. मग वाफेचे पंप आले. त्यात बॉयलर असतो, म्हणजे आग विझवायला जायच्या आधी आपल्याच बंबात आग पेटवायची आणि वाफ धरेपर्यंत थांबायचं. म्हणून ठाण्यात बॉयलरचं पाणी आधीच कोमट ठेवायची पद्धत होती आणि गाडी रस्त्याला लागली की चालता चालताच जाळ वाढवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीचे बंब आले आणि घोडे हळूहळू गेले.

त्या काळात मुंबईला सगळ्यात जास्त भीती कापसाची. गिरण्या, गोदामं, धक्क्यावर पडलेल्या गाठी, सगळीकडे कापूस. आणि कापसाची गाठ बाहेरून विझली तरी आत धुमसत राहते, दाबून बांधलेली असल्यामुळे पाणी आत शिरत नाही, दोन दिवसांनी फोडली तरी आत निखारा सापडतो. हे लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागणार आहे.

१४ एप्रिललाच अग्निशमन दिन का असतो?

कारण १४ एप्रिल १९४४.

फोर्ट स्टिकीन नावाचं मालवाहू जहाज. फेब्रुवारीत इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं, १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा, तेलाची पिंपं, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात, आणि दोन नंबरच्या खणात तर एकमेकांजवळच. युद्ध चालू होतं, जहाजं कमी होती, जागा मिळेल तिथे माल भरला जायचा. आणि स्फोटकं असलेल्या जहाजाने लावायचा लाल बावटा त्या जहाजावर नव्हता. आजूबाजूला उभ्या असलेल्या जहाजांना, धक्क्यावर हमाली करणाऱ्यांना, कोणालाच बघून कळायला मार्ग नव्हता.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला त्या खणातून धूर येताना दिसला. पहिले बंब आले तेव्हा जवानांच्या दृष्टीने ती कापसाची आग होती, त्यांनी असल्या शेकड्यांनी विझवलेल्या. मग खाली काय आहे ते कळलं. दारूगोळ्याच्या अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितलं की हे उडालं तर सगळं डॉक जाईल. जहाज इथेच बुडवायचं की ओढून समुद्रात न्यायचं यावर मतं पडत राहिली, एकाच माणसाच्या हातात निर्णय नव्हता. तोवर जवान पाणी मारत होते, ९०० टनांहून जास्त पाणी त्या खणात गेलं, पाणी आत उकळायला लागलं, जहाजाच्या पत्र्यावरचा रंग फुगून सोलायला लागला, तरी आगीचं मूळ सापडेना.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा. जलपद्म नावाचं शेजारचं जहाज उचलून धक्क्यावर पडलं. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड शहरावर पाऊस पडावा तसं पडलं आणि जिथे पडलं तिथे नवी आग. ६६ अग्निशमन जवान गेले. एकूण मेलेल्यांचा आकडा ८०० पासून १,३०० पर्यंत वेगवेगळा सांगतात, गोदीतल्या रोजंदारीवरच्या माणसांची मोजदाद कोण ठेवणार होतं. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि ढिगारा उपसायला ८,००० माणसांना सात महिने.

युद्धामुळे बातमीवर बंदी होती. जगाला पहिल्यांदा सांगितलं ते जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, आपल्या पेपरांना सविस्तर छापायची परवानगी मिळाली मे महिन्यात. म्हणजे ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांनी ते दिवस कसे काढले असतील.

सोन्याच्या विटांची गोष्ट सगळे विचारतात, हो, विटा उडून दूरवर पडल्या, एक तर एका घराचं छप्पर फोडून आत आली, आणि नंतर कित्येक वर्षं गाळातून सापडत राहिल्या. पण मला त्यात फार रस नाही. मला त्या दोन तासांत रस आहे. खाली काय आहे ते कळल्यावरसुद्धा ती माणसं होज सोडून पळाली नाहीत. १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

सप्ताहात फायर स्टेशन बघायला मिळतं का? मुलांना न्यायचंय.

बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिकं असतात, जवळच्या केंद्रात जाऊन विचारा. मुंबईत मुख्यालय आणि नियंत्रण कक्ष भायखळ्याला, तिथे शहीद जवानांचं स्मारकही आहे.

मी एकदा भाच्याला घेऊन एका केंद्रात गेलो होतो. एका जवानाने बी.ए. सेट माझ्या पाठीवर चढवला, म्हणजे श्वासाची टाकी, मास्क, पट्टे सगळं. पंधराएक किलो असेल. पट्टा आवळला, मास्क लावला आणि पहिल्यांदा कानात फक्त आपल्याच श्वासाचा आवाज यायला लागला. दोन जिने चढून बघा म्हणाला. चढलो, आणि वर पोचेपर्यंत मी इतक्या जोरात हवा ओढत होतो की त्याने काट्याकडे बोट दाखवून सांगितलं, असा श्वास घेतला तर अर्ध्या तासाची टाकी पंधरा मिनिटांत संपेल. त्यात धूर नव्हता, अंधार नव्हता, उष्णता नव्हती, हातात पाण्याने भरलेला होज नव्हता. भाचा मात्र बंबावर चढून घंटा वाजवण्यात खूश होता.

बातमीत वर्दी, लेव्हल तीन वगैरे म्हणतात ते काय?

वर्दी म्हणजे आगीची खबर, जवान कॉलला वर्दीच म्हणतात. वर्दी आली की घंटा आणि मग धावपळ. लेव्हल म्हणजे आग केवढी आहे आणि किती गाड्या, किती मोठे अधिकारी लागतील त्याचा अंदाज, एक म्हणजे छोटी आणि आकडा वाढला की मोठी. जागेवर पोचलेला अधिकारी लेव्हल वाढवतो, त्यावरून बाकीच्या केंद्रांतून गाड्या निघतात. जुने लोक सगळ्यात मोठ्या आगीला ब्रिगेड कॉल म्हणतात. लेव्हल वाढली म्हणजे हाताबाहेर गेली असा अर्थ नाही, पुढचा विचार करून आधीच मदत मागवलेली असते.

शिडी किती मजल्यापर्यंत पोचते?

मुंबईकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे, म्हणजे साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत धरा. पण ती गाडी केवढी असते बघितलंय का? तिला उभं राहायला पक्की, सपाट, मोकळी जागा लागते, चारी पाय पसरायला लागतात. आपण गेटच्या आत दोन्ही बाजूंना गाड्या लावून ठेवतो, वर केबल लोंबतात, पेव्हर ब्लॉकखाली पाण्याची टाकी असते जिच्यावर एवढं वजन घालता येत नाही. तेव्हा नव्वद मीटर हा आकडा ऐकून निवांत बसू नका. उंच इमारतीत खरं काम इमारतीच्याच यंत्रणेचं असतं, जिन्यातला पाण्याचा पाइप, पंप, स्प्रिंकलर, फायर लिफ्ट, रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेली मोकळी जागा. जवान वर येतात आणि तुमच्याच पाइपला होज लावतात. त्या पाइपात पाणी नसेल तर तो नुसता लाल रंगाचा पाइप.

काळबादेवीच्या आगीत इतके मोठे अधिकारी कसे गेले?

हा प्रश्न लोक जरा दबकत विचारतात, पण विचारायलाच हवा.

९ मे २०१५, काळबादेवीची गोकुळ निवास ही जुनी इमारत, लाकडी सांगाडा, अरुंद रस्ता, दाटीवाटी. आग विझवताना इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले, आणि त्याच महिन्यात दोघंही हॉस्पिटलमध्ये वारले. दलाचा प्रमुख. इतर कुठल्याही खात्यात प्रमुख केबिनमध्ये असतो, इथे तो जवानांच्या बरोबर होता, कारण या दलात वरिष्ठाने पुढे राहायचं हीच रीत आहे.

जुन्या लाकडी इमारतीचा धोका असा की वाशांना आतून आग लागते आणि बाहेरून भिंत उभी दिसते. त्यात अशा इमारतींत वर्षानुवर्षं पोटमाळे काढलेले असतात, माल साठवलेला असतो, मजल्यांवर किती वजन चढलंय त्याची नोंद कुठेच नसते. पाणी मारलं की तेही वजन वाढतं. जवान रस्त्यावरून बघून यातलं काय ओळखणार?

अलीकडच्या आणखी कुठल्या आगी लक्षात ठेवाव्यात?

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तर आहेच, ताजला आग लागलेली, आत गोळीबार चालू, आणि जवानांनी बाहेरून शिड्या लावून पहिल्याच रात्री खिडक्यांमधून जवळपास २०० लोक उतरवले. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. या गोष्टीबद्दल जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही असं मला मनापासून वाटतं.

२१ जून २०१२ ला मंत्रालय, पाच जणांचा जीव गेला, फायली आणि पार्टिशन यांनी आग वर चढवली. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातले गच्चीवरचे पब, १४ जण गेले, गच्चीवर बांबू आणि प्लास्टिकचं आच्छादन, आणि बरेच जण जिवाच्या आकांताने टॉयलेटमध्ये शिरले आणि तिथेच गुदमरले. धूर आधी मारतो, जाळ नंतर. मुलांना हे नक्की सांगा, लपायचं नाही, खाली वाकून जिन्याकडे जायचं, लिफ्टकडे नाही.

हे लोक फक्त आगच विझवतात का?

छे. इमारत कोसळली, झाड पडलं, कोणी समुद्रात बुडतंय, लिफ्टमध्ये अडकलंय, मांज्यात घार अडकलीये, गॅस गळतोय, सगळीकडे हेच.

बायका या नोकरीत आहेत का?

आहेत, मुंबईच्या दलातही आहेत. आणि यात नागपूरचा मान मोठा, देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय तिथे आहे आणि हर्षिनी कान्हेकर ही देशातली पहिली महिला अग्निशामक तिथेच शिकली, २००२ मध्ये प्रवेश घेतला तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती.

सोसायटीला फॉर्म बी द्यावा लागतो म्हणतात, ते काय आहे? दलाच्या इतिहासाशी त्याचा काय संबंध?

संबंध थेट आहे. शंभरएक वर्षं सगळा भर आग लागल्यावर धावण्यावर होता. २००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर आणि सोसायटीवर टाकली, म्हणजे यंत्रणा नुसती बसवायची नाही, चालू ठेवायची, आणि लायसन असलेल्या एजन्सीकडून तपासून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा. बऱ्याच ठिकाणी हा कागद चहा पिता पिता सही होऊन जातो, पंप कोणी चालवून बघत नाही. तुम्ही कमिटीत असाल तर एजन्सीवाल्याला सांगा, माझ्यासमोर सगळ्यात वरच्या मजल्यावर होज उघडा आणि पाणी दाखवा. त्याला राग आला तर येऊ दे.

१०१ ला फोन केला तर काय सांगायचं?

१०१ लावा, नाहीतर ११२. पत्ता आणि जवळची खूण, कुठला मजला, माणसं अडकलीत का. आणि फोन आधी ठेवू नका, त्यांना ठेवू द्या. हे बहुतेकांना माहीत असतं. जे कोणी सांगत नाही ते म्हणजे आत काय आहे. सिलिंडर किती, दुकानात काय साठवलंय, तळघर आहे का, पोटमाळा आहे का, गच्चीला कुलूप आहे का. १८०३ पासून काळबादेवीपर्यंत प्रत्येक मोठ्या आगीत जवानांना पहिल्यांदा हेच हवं होतं.

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एका रात्री मीटरच्या खोलीत आग लागली होती. आम्ही सगळे कपड्यांनिशी रस्त्यावर, कोणाच्या काखेत पोर, कोणाच्या हातात कागदांची पिशवी. बंब आला पण गल्लीच्या तोंडाशी अडकला, एक टेम्पो आडवा लावलेला, तो ढकलून बाजूला केला आणि जवान होज ओढत पळत आले. त्यांच्या अधिकाऱ्याने आग कशी लागली विचारलं नाही, कोणाची चूक विचारलं नाही. शेजारच्या बंद शटरकडे हात करून विचारलं, "ह्याच्यात काय आहे?" चाळीस माणसं उभी होती, वीस-वीस वर्षं तिथे राहणारी, आणि एकालाही माहीत नव्हतं. शेवटी मागून वॉचमनकाका पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, थिनरचे डबे आहेत, काल संध्याकाळीच उतरवले."

अधिकारी वळला, फोम मागवला, दोन जवानांना शटर तोडायला लावलं आणि आम्हाला सगळ्यांना गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पळवलं. वीस मिनिटांत त्यांनी अकरा डबे उचलून बाहेर आणले, मी मोजले. शेवटच्या दोघांना हात लावला की चटका बसत होता.

आता आमच्या गेटच्या आत प्लास्टिकमध्ये घालून एक कागद लावलेला असतो. कुठल्या गाळ्यात काय आहे, गच्चीची किल्ली कोणाकडे, पाण्याची टाकी कुठे, आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. वॉचमनकाका तो दर जानेवारीत आणि जुलैत नवीन लिहून घेतात.